शेवटचे तीन

शुक्रवारी पार्ल्यात, शनिवारी मुलुंडला,
रविवारी दुपारी दादर.
बुकिंगवरचे पाटणकर विचारतही नाहीत आता,
प्लॅनवर पेन्सिलीने फुली मारतात
सातव्या रांगेतल्या चौदाव्या खुर्चीवर
आणि म्हणतात, संपलं की हो तुमचं 'मीठबंदर'.

संपलं नाही, संच बदलतोय.
पुढच्या महिन्यापासून नवी मुलं, नवा ऑर्गन,
ऑर्गन कसला, कीबोर्डच.
'मूळ संचात अखेरचे तीन प्रयोग'
असं छापून आलंय चौकटीत,
गाद्यांच्या सेलच्या खाली.

लॅबमधली निमिषा विचारते,
तेच तेच काय बघता ताई, साठ वेळा?
मी रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवत असते.
तिला कसं सांगू, की अनघा पेडामकर
सतराव्या प्रयोगापासून पदर जरा पुढून घ्यायला लागली,
मग तीन महिने तिच्या जागी दुसरीच यायची,
आणि परतली तेव्हा
तिचा वरचा षड्ज थोडा उशिरा लागायचा,
पण लागला की राहायचा.
की मीठ ओढायच्या गाण्यात
कोरसमधला तो डावरा पोरगा
सगळ्यांच्या उलट फावडं धरतो
आणि दिग्दर्शकाने त्याला कधी टोकलं नाही.

शुक्रवारी माइक खरखरला.
शनिवारी मागच्या रांगा रिकाम्या होत्या,
तरी ते गायले, जरा जास्तच मोकळे.

माझ्याकडे संहितेचं पुस्तक आहे,
मध्यंतरात काउंटरवर घेतलेलं,
पान बेचाळीसवर चहाच्या कपाचा गोल.
तिथे तिसऱ्या प्रवेशाच्या शेवटी
हिराजी आगरावर निघताना बायकोला म्हणतो,
'दार वढून घे, वारं सुटलंय.'
हेरंब खोत हे वाक्य कधीच म्हणाला नाही.
बासष्ट वेळा कंदील उचलून सरळ निघून गेला.
विसरत असेल, पटत नसेल,
किंवा दार कुठे अडकायचं, कुठे लागायचंच नाही,
म्हणून तालमीतच कुणी काटलं असेल.

रविवारी हाऊसफुल्लचा लाल बोर्ड.
लोक पहिल्या पदापासून वन्समोअर मागत होते,
जिथे मागू नये तिथेसुद्धा.
मांजरेकर मान खाली घालून
ऑर्गनचा भाता असा दाबत होते
की हवा मोजून आणलीय घरून.
एरवी माझी टाळी सगळ्यांच्या आधी पडते.
त्या दिवशी हात मांडीवरच राहिले.

तिसरा प्रवेश. कंदील उचलला. चार पावलं.
थांबला.
मागे न वळताच म्हणाला,
'दार वढून घे. वारं सुटलंय.'

कुणाला काही कळलं नाही.
पुढे कुणीतरी वेफर्सची पिशवी चुरगाळली.
विंगेत प्रॉम्प्टरची बारीक बॅटरी
पानावर वरखाली फिरली, वाक्य शोधत.
अनघा घटकाभर नुसती अनघा झाली,
मग उठली, दार ओढलं.
आणि ते लागलं.

पडद्यानंतर आत जायची ही रांग,
फुलं, शाली, फोन वर धरलेले हात.
पिशवीत नारळाच्या वड्यांचा डबा होता,
दोनदा रांगेत उभी राहिले, दोनदा बाहेर पडले.

बाजूच्या गल्लीत टेम्पोत मिठागर चढत होतं:
थर्माकोलची पांढरी रास, फावडी, खोपट्याचं छप्पर.
दोर निसटला तसा एक मुलगा म्हणाला,
काकू, जरा धरता का?

मी दार धरलं.
हलकंच होतं, प्लायचं,
मागच्या कच्च्या फळीवर खडूने लिहिलेलं,
डावी विंग. उघडं ठेवणे.

वड्या त्या मुलांनीच संपवल्या, डबाही तिकडेच राहिला.
वारा अजिबात नव्हता.
तरी दोन्ही हातांनी धरून उभी होते,
टेम्पोवाला दोनदा म्हणाला,
बांधलंय काकू,
सोडा आता.