मैना छाप

पणजोबा नरसागौड शिंदीच्या झाडावर चढायचा
कमरेला दोर, गुडघ्यांना घट्टे.
हर्रासाच्या दिवशी तहसिलीच्या ओसरीवर
बोली तीनदा पुकारली गेली,
चौथ्यांदा कुणी तोंड उघडलं नाही.
हाली सिक्क्यांत गुत्ता त्याच्या नावावर.
एवढीच आमच्या घराण्याची बखर.

पुढचं सगळं लेबलवर आहे.
आजोबा किष्टागौडनं झाड सोडून भट्टी घातली
आणि नांदेडच्या छापखान्यातून मैना काढून आणली.
चितारणाऱ्यानं मैना नीट बघितलेली नव्हती म्हणे,
त्यानं कोंबडी काढली
आणि मान तेवढी बारीक केली.
तीच मैना सात दुकानांच्या पाट्यांवर:
देगलूर, हणेगाव, मुखेड, नरसी,
बिलोली, कुंडलवाडी,
आणि शेवाळवाडीचं एक टिचभर, पत्र्याचं.

आमच्या घरात थेंब कुणी घेतला नाही.
वडील गल्ल्यावर बसले की
गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत,
फक्त हातांकडे.
हात थरथरला की उद्यापासून उधारी बंद.
याला ते धर्म म्हणायचे.
बरीच वर्षं मीही.

लसमा आत्या बाटल्या धुवायच्या हॉलात,
हाताखाली बावीस बायका,
सोड्याच्या पाण्यानं नखं झिजलेली.
गोण्यांतून रिकाम्या बाटल्या परत यायच्या.
आत्या एकेक उजेडात धरायची:
हिच्यातून रॉकेल आणलंय पोरानं.
हिच्यात मनीप्लांट होता.
ही भिंतीवर हाणलेली, बघ, खांद्याला टवका, तरी फुटली नाही.
मग ती बाजूला ठेवायची,
तिचे चार आणे खात्यात स्वतः भरायची.

दुष्काळात टँकर आधी आमच्या गेटात शिरायचा
आणि गेटाबाहेर घागरी.
वडिलांनी भिंतीतून एक तोटी बाहेर काढून दिली,
सकाळी तासभर.
त्या वर्षी विक्री वाढली.
दोन्ही आकडे एकाच वहीत आहेत.

मग हायवेपासून पाचशे मीटरचा हुकूम आला.
नरसीच्या दुकानाला आम्ही पत्र्याच्या भिंती घातल्या,
वळण, परत वळण, मग उलटं वळण.
मोजणीदारानं टेप धरली, घाम पुसला,
पाचशे चार भरले.
माणूस आत जाताना नीट जायचा,
येताना हरवायचा.
रात्री शटर ओढण्याआधी कंदील घेऊन
दोघा-तिघांना शोधून बाहेर काढावं लागे.
हसलो आम्ही त्या वर्षी, खूप हसलो.

शेवाळवाडीच्या बायकांनी अर्ज दिला.
मतदान शाळेत, फक्त बायकांचं.
कागदावर दोन बाटल्या,
एक उभी, एक आडवी.
दोन्हींवर मैना नव्हती,
तरी सगळ्यांना दिसत होती.

आत्याचं नाव त्याच गावच्या यादीत निघालं.
सासर तिथलं. अडीच वर्षांचा संसार.
त्याबद्दल आमच्यात कुणी बोलत नाही.
ती कारखान्याच्याच जीपमधून गेली,
मागच्या दारावर पिवळ्या चोचीची मैना,
आणि संध्याकाळी बोटाला शाई लावून आली.
वडिलांनी काही विचारलं नाही.
सवयीनं तिच्या हातांकडे बघितलं.
थरथरत नव्हते.

अकराशे बेचाळीस बायकांत सातशे चार आडव्या.
शेवाळवाडी गेली, मागून कुंडलवाडी, हणेगाव,
काही मतांनी, काही कर्जांनी.
भट्टी वाळूजच्या एका कंपनीनं घेतली,
मैनेसकट.
त्यांनी ती कॉम्प्युटरवर नव्यानं काढली.
आता ती खरंच मैना दिसते.
दुकानात कुणी ओळखत नाही.

आत्याच्या ओट्यावर जुनी एक बाटली आहे,
खांद्याला टवका उडालेली.
त्यात ती करडीचं तेल ठेवते.
मी म्हटलं, आत्या, ही अजून उभीच?
ती भाकरी उलटत म्हणाली,
आडवी केली तर तेल सांडतंय की रे.