विचाराधीन

बत्तीस वर्षं मी बिनपैशाची कामाला गेले.
जेलरोडला, नोट प्रेसच्या गेटवर
चिल्लरसुद्धा काढून ठेवावी लागायची.
आत दिवसभर कोटींवरून बोट फिरवायचं,
भोंगा झाला की झडतीला हात वर करायचे,
लॉकरमधले आपले अकरा रुपये घ्यायचे
आणि बिटकोपर्यंत चालत जाऊन
मेथीची जुडी आणायची.

माझं काम खोट काढायचं.
शाई फुटलेली, अंक सरकलेला,
पंधरा भाषांच्या त्या उतरंडीत
वर सात, खाली सात, मधोमध आपली मराठी,
तिची एखादी मात्रा पुसट.
लाल खूण. बाद.
पण बाद झाली म्हणून कुठली नोट सुटली नाही.
तिचाही नंबर, तिच्यासाठीही सही,
मोजून, पुन्हा मोजून, मगच चिंध्या.
तिथे रद्दीलासुद्धा धनी होता.

शेजारच्या ओजसने फोन पुढे केला.
काकू, हे नवं नाणं.
आकडा जागेवर ठरत नव्हता, तापल्या तव्यावरच्या थेंबासारखा.
कुणी छापलं?
कुणीच नाही.
तपासलं कुणी?
सगळ्यांनी.
(सगळ्यांनी तपासलं म्हणजे, आमच्या खात्यात,
कुणीच तपासलं नाही.)
आणि किल्ली हरवली तर?
तो हसला. पोरगं चांगलं आहे, पण हसला.

रविवारी उपनगरच्या वाचनालयात सभा.
फळ्यावर खडूने: आभासी चलन, बंदी, नियमन की
आणि ‘की’च्या पुढे फळा संपलेला.
बँकेतून निवृत्त झालेले वाईकर म्हणाले, हा सट्टा,
याला मटक्याचा कायदा लावा.
चष्मेवाली एक मुलगी म्हणाली,
तुम्ही एटीएमलाही घाबरला होतात.
मग सातपूरच्या वर्कशॉपमधला धात्रक उठला,
नखांत ग्रीस, ऐंशी हजार गेलेले.
ॲप रात्रीत बंद झालं, पोलिसांत गेलो,
हवालदार चांगला माणूस, पाणी दिलं,
म्हणाला, हे चोरीला गेलं म्हणू,
पण काय गेलं म्हणून लिहू?

मुंबईहून आलेल्या साहेबांनी घसा साफ केला.
शासन सावध आहे.
कायदेशीर आहे का साहेब?
विचाराधीन आहे.
मग बेकायदेशीर?
तेही विचाराधीन.
आणि कर?
कर आहे.
हॉल हसला. साहेबही हसले, थोडं उशिरा.
मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू.
आम्हीसुद्धा शंका आली की
आख्खा ताव बाजूला ठेवायचो, वर चिठ्ठी लावून.
फक्त आमच्या चिठ्ठीवर तारीख असायची.

शेवटी कुणीतरी विचारलं, इथे कुणाकडे आहे?
खुर्च्या करकरल्या. पंखा फिरत राहिला.
चष्मेवाली पायांकडे बघत होती.
वाईकर रुमाल घडी घालत होते, घातलेलीच घडी पुन्हा.

हात मी वर केला.
तोच हात, झडतीला करायचे तसा, कोपर सरळ.
तीनशे रुपयांचं घेतलंय, म्हटलं. बघायला.
तुम्ही? प्रेसच्या?
हो. प्रेसची म्हणूनच.
जन्मभर दुसऱ्यांची तपासली,
म्हटलं, एकदा हेही हातात घेऊन बघावं. हातात येत नाही.
मग मागून एक हात, भिंतीकडून दोन,
आणि हळूहळू, खाजवल्याचं निमित्त करत,
वाईकरांचाही.

धात्रकने कुणाचेच हात मोजले नाहीत.

रात्री ओट्यापाशी उभी राहून म्हटलं,
बघू तीनशेचे किती झाले.
सवयीने अंगठा आधी ओला केला,
बत्तीस वर्षांची सवय, गड्डी समोर असो नसो.
काच म्हणाली, ओळखलं नाही.
पुसला, पुन्हा टेकवला.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणाली,
थोड्या वेळाने.