कोरा गोंद

ओलोमोउत्समध्ये नोव्हेंबरात चारलाच अंधारतं,
म्हणून टेबलावरचा दिवा मी सकाळपासून विझवतच नाही.
गेल्या आठवड्यात सात तिकिटं आली. सातही खोटी.
एकावर तर झाडांना बुंधेच नव्हते,
टेकडीवर कोबीचे गड्डे मांडून ठेवल्यासारखे.

खोटं ओळखायला फार शहाणपण लागत नाही.
त्याची शाई कागदावर सपाट निजलेली असते.
खऱ्याची शाई उभी असते,
डोळे मिटून नखाची कड अलगद फिरवावी
तर नांगरलेल्या शेतातून चालल्यासारखं लागतं.
पोलादावर कुणीतरी रेघ न् रेघ कोरली होती:
नदी, झाडं, मागचा डोंगर,
सहलीला निघावंसं वाटेल इतकं निवांत चित्र.
खाली गावाचं नाव, जर्मनमध्ये.
किंमत कुठेच छापलेली नाही.

आतल्या माणसानं हे हिरवं तिकीट बाहेर धाडायचं,
बाहेरच्यानं पार्सलवर चिकटवून परत आत.
तिकीट नसेल तर पार्सल नाही.
पावाच्या तुकड्यालाही परवाना.

ड्राहोश कुबेल्का टोपी मांडीवर घेऊन बसला होता,
सत्तरीचा, बुटांना शेतातला चिखल.
आजीच्या शिवणाच्या डब्यात सापडलं म्हणाला,
बटणांच्या तळाशी, पाकिटासकट.
आजी ओटिली हातमोज्यांच्या दुकानात कामाला होती.
दुकान इर्मा लेडररबाईंचं.
पाकिटावर इर्माबाईंचंच अक्षर,
आजीचं नाव, पत्ता, पुढे काही नाही.

"खोटंच असेल ना?" त्यानं विचारलं.
माझा हात भिंगावर थबकला.
चाळीस वर्षं लोक या खुर्चीत बसून
उलट विनवण्या करत आलेत.

मी छिद्रं मोजली, दोन सेंटिमीटरमधली, चारी बाजूंनी.
निळ्या दिव्याखाली कागद धरला. तो उजळला नाही,
युद्धातले कागद उजळत नाहीत.
भिंगातून डोंगराची कड पाहिली,
आणि डावीकडच्या झाडात ती बारीक आडवी रेघ,
जी नकलाकारांना नेहमी पानच वाटते.
मग उलटं केलं.
पाठीवर गोंद. पिवळसर, अखंड,
जिभेचा नाही, बोटाचा नाही, कसलाच ओरखडा नाही.

यालाच बाजारात जास्त पैसे मिळतात.
हे मी त्याला सांगितलं, सवयीनं,
आणि सांगताना माझ्याच कानाला ते कसंतरी लागलं.

तो खिडकीकडे पाहत म्हणाला,
"आजी लोणी वितळवून बरण्या भरायची.
त्या हिवाळ्यातसुद्धा आमच्याकडे डुक्कर कापलं होतं.
बाबा सांगायचे."

मी म्हटलं, कदाचित पाकीट उशिरा पोचलं.
कदाचित पाठवायच्या आधीच बाईंना पूर्वेच्या गाडीत घातलं.
कदाचित शेजारी कुणी टपालखात्याचा होता, कान लावून असलेला.
माझ्याकडे कदाचितांचा मोठा साठा आहे.
भिंगाखाली त्यांतला एकही दिसत नाही.

खोट्याच्या कपाळी गोटा, म्हणतात.
खऱ्याच्या कपाळी काय, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

मी लिहिलं: अस्सल. न वापरलेलं.
गोंद मूळचा, शाबूत.
खाली सही, तारीख, माझा गोल शिक्का.
"खोटं म्हणून लिहून देता नाही येणार?"
नाही म्हटलं.
त्यानं मान हलवली, फी मोजून टेबलावर ठेवली,
तिकीट पाकिटात घातलं, पाकीट कोटाच्या आतल्या खिशात,
आणि दारात वळून विचारलं,
"अजून चिकटेल का हो ते?"

ओलं केलं तर चिकटेल, मी म्हणाले.

जिन्यावरची पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली,
एकेका पायरीवर थांबत.
प्रमाणपत्र तो न्यायला विसरला.
विसरला म्हणते मी.
खणात आहे अजून, त्या सात खोट्यांच्या वर.