मागची सीट

डिचोलीच्या स्टँडवर उतरले तेव्हा
माझी गाडी वास्कोच्या बंदरात, लाकडी खोक्यात.
कस्टमवाल्याने चाकांवर टॉर्च मारला, म्हणाला,
परदेशची माती आहे, धुतल्याशिवाय सुटणार नाही.
मी म्हटलं, धुवा.
पावती मिळाली. पाण्याची.

पिवळ्या मडगार्डचा पायलट, झिलू गावकर,
विडी विझवून म्हणाला, खंय वचपाचें?
नार्व्याला, फेरीच्या धक्क्याकडे.
शंभर.
मी ऐंशी म्हटलं नाही.
आपली भाषा कानावर पडली की घासाघीस सुचत नाही.

मागे बसले
आणि हातांना कळेना कुठे जायचं.
उजवी मूठ उगाच हवा पिळत राहिली,
डावा पाय फूटरेस्टच्या लोखंडात
गिअर शोधत राहिला.
पुढे एक पाठ होती,
घामाचा नकाशा उमटलेला आकाशी शर्ट,
आणि रस्ता त्या पाठीच्या दोन्ही कडांनी
उसना मिळावा तसा, थोडा थोडा.

तिकडे रस्ता सगळा माझा होता.
इतका माझा, की नकोसा व्हायचा.
चार हजार आठशे मीटरवर
इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकायचं.
मी उतरून शेजारून चालायचे,
त्याला थ्रॉटल देत, शिव्या देत, मराठीत,
दुसऱ्या भाषेतल्या त्याला लागत नसत.
एका खिंडीपलीकडे, मातीच्या घरात
म्हातारी तेलाच्या डब्यातून पेट्रोल विकायची,
जुन्या पोलक्यातून गाळून.
तिने विचारलं, नवरा कुठे?
मी टाकीवर थाप मारली.
ती हसली तशी मापातलं थोडं सांडलं,
आणि सांडलेलं तिने हिशेबात धरलं नाही.

मयें मागे पडलं.
कुठल्याशा भट्टीकडून बोंडांचा आंबूस वास,
मग वडाखाली राखणदाराची घुमटी.
झिलूने हॉर्न दोनदा दाबला,
न बघता, श्वास घ्यावा तसा.

एक खिंड आहे तिकडे,
वाटसरू तिथे एकेक दगड ठेवून जातात.
ढिगावर चिंध्या, कोकाची पानं, बाटलीची बुचं.
मीही ठेवला. पुढे काय करायचं कळेना
म्हणून हॉर्न दिला. दोनदा.
चाळीस किलोमीटरात माणूस नव्हता.
एका लामाने मान वळवली,
तेवढीच दखल.
त्या रात्री तंबूत, बर्फ वाजत असताना,
घर नाही आठवलं,
ही घुमटी आठवली,
आणि तिच्या पायरीवरची कुणीतरी ठेवलेली
न पेटवलेली विडी.

वळण आलं.
झिलूने ब्रेक हलकेच दाबला.
बाय, वळणावर तू माझ्याआधी वाकतेस गो.
गाडी कोण चलयता? तूं काय हांव?

खरं होतं.
दरीच्या कडेने, एकटीने, शिकले होते,
वळण दिसायच्या आधी कमरेला कळतं.
डोळ्यांना मागाहून.

पुढच्या वळणावर पोत्यासारखं बसायचं ठरवलं.
उकड्या तांदळाचं पोतं.
दात आवळले.
तरी गेलेच.
झिलू काही बोलला नाही.
फक्त पाठ हसली, शर्टासकट.

धक्क्यावर फेरीबोट फळी उचलत होती.
त्याने आरडाओरडा करून थांबवली.
शंभराची नोट खिशात घालताना म्हणाला,
कुठे होतीस इतके दिवस? मुंबईला?
मी म्हटलं, थोडी पुढे.
बरं, म्हणाला,
जसं पुढे काही असतं आणि
ते बरंच असतं.

पाणी मध्ये आलं.
दिवाडीचा काठ अजून लांब होता.
नार्व्याच्या चढावर त्याचं पिवळं मडगार्ड
डावीकडे वळलं,
आणि फेरीच्या कठड्याशी उभी मी,
हातात पिशवी,
किंचित डावीकडे.