निळं पिंप

थोआइ पिंपाचं झाकण उचलतो
आणि नाक मुरडून मागे सरतो.
मी सरत नाही.
आंबट, किंचित गोड, तळाशी ओल्या कोंड्याचा वास.
आईची मोहरीच्या पाल्याची बरणी
अशीच श्वास टाकायची.
"झालं," मी म्हणते, "मुरलं."

काकवी, भाताचा कोंडा, उकळून निववलेलं पाणी,
आणि मत्स्यकेंद्रातल्या दिएपने दिलेली पुडी,
विरजणाएवढी.
पुडीत काय, तर जंतू.
थोआइने ती उन्हात धरून पाहिली,
नोट खोटी आहे का बघतात तशी.

त्याचंही खरं आहे.
वीस वर्षं या तळ्यात आम्ही जंतू मारले.
पांढऱ्या भुकटीच्या थैल्या, पिवळ्या भुकटीच्या थैल्या.
मासा पोट वर करून तरंगला की दुप्पट,
नाही तरंगला तरी, न जाणो, थोडी.
हाउ नदीचं पाणी आत घ्यायचं, औषध कालवायचं,
मग तेच पाणी पुन्हा नदीच्या ओटीत.
खाली आणखी कुणाचं तळं होतं.
त्याच्याही खाली आणखी कुणाचं.

मग कारखान्याने सबंध होडी परत पाठवली.
मांसात औषधाचे अंश, म्हणाले.
बारा टन पंगास, जिवंत,
होडीच्या पोटातून तोंडं वर काढून हवा गिळत,
आणि काठावर आम्ही दोघं, कागद हातात.

ते एकवेळ सोसलं.
पण त्याच वर्षी थोआइच्या अंगठ्यात काटा घुसला,
कल्ल्यामागचा, करवतीसारखा.
अंगठा काळानिळा.
दवाखान्यात एक औषध, मग दुसरं, मग तिसरं.
डॉक्टरीणबाईंनी नावं सांगितली.
पहिली दोन मला पाठ होती:
आमच्या पडवीतल्या थैल्यांवर छापलेली.

तिसऱ्याने वाचला अंगठा.
अर्धा.

दिएप वयाने माझ्या धाकटीएवढी,
बुटांना कायम चिखल.
म्हणाली, "मावशी, पोटात आधीच पंगत बसलेली असली
की दरोडेखोराला पाट मिळत नाही. एवढंच.
जादू नाही ही."
मी विचारलं, आणि हे पंगतीतले, हे साव कशावरून?
ती हसली नाही.
"हेच विचारा. प्रत्येक पुडीला विचारा.
जात कोणती, कुणी तपासली, कधीची.
बाजारात नुसत्या पिठाच्या पुड्याही विकतात.
आणि काही जंतू औषधाला न जुमानण्याची विद्या
स्वतःबरोबर आणतात, शेजाऱ्याला शिकवतात.
तसले फुकट मिळाले तरी नकोत.
आणि मासा आजारी पडला तर मला बोलवा,
पिंपाला नको."

पहिला महिना काहीच नाही.
थोआइच्या भुवया रोज जरा वर.
दुसरं पिंप माझ्याच हातून नासलं,
सडक्या अंड्याचा वास, वर काळा तवंग.
तळ्यात नाही टाकलं. केळीच्या बुंध्याशी ओतलं,
तर केळही रुसली.

वहीत मेलेल्या माशांचे आकडे आहेत, आठवड्याचे:
एकेचाळीस. अडतीस. चव्वेचाळीस.
सतरा. बावीस. नऊ.
तळाचा गाळ काढला तेव्हा
कामावरच्या पोरांनी तोंडाला फडकी बांधली नाहीत.
थोआइ म्हणतो, यंदा नदीलाच पाणी बरं आलं.
असेलही. नदीला मी विचारलेलं नाही.

काल भर दुपारी मी पडवीत आडवी झाले होते.
तो खाद्याची पाटी ठेवून थांबला,
ऊन कुठवर आलंय ते पाहिलं,
पिंप ढकलून पाहिलं, ढळेना.
मग डोक्यावरची पानांची टोपी काढली
आणि अर्ध्या अंगठ्याने दाबून
पिंपाच्या झाकणावर बसवली.

"मरतील ना उन्हाने," म्हणाला,
कुणालाच उद्देशून नाही,
आणि उघड्या डोक्याने
तळ्याच्या बांधावरून चालत गेला.