आधी आवाज येतो

दरवर्षी फेब्रुवारीत माझ्याकडे एक काम असतं:
पोरांनी बांधलेले पूल मोडायचे.

दोन टेबलं, मध्ये दीड हात मोकळी जागा,
तिच्यावर पूल, पुलाच्या पोटाला लोखंडी आकडा,
आकड्याला बादली,
आणि बादलीत माझ्या मापट्यानं पडत राहणारी
गोदावरीची वाळू, दोनदा चाळलेली.

यंदा अठरा जोड्या. पाथरी, सेलू, वसमत.
गंगाखेडची पोरं खोकं डोक्यावर धरून
एस्टीत उभ्यानं आलेली.
सगळ्यांच्या काड्या कुल्फीच्या, बाजारातून कोऱ्या आणलेल्या;
एकाच्या मात्र फिक्या केशरी.
मी नाकाशी धरून पाहिल्या. आंबा.
नियमात तसं काही लिहिलेलं नाही.

पहिला पूल देखणा, कठड्याला झेंडे लावलेला.
चार किलोला बसला.
मागून कुणी तरी ओरडलं, बनी तो बनी, नाही तर परभणी,
आणि परभणीचीच पोरं सगळ्यात जोरात हसली.

मला त्यांची गणितं कळत नाहीत.
सर ताण म्हणतात, दाब म्हणतात;
मी समजून घेतो, बाजेची सुंभ आणि डोक्यावरचा भारा.
पण एकवीस वर्षं वाळू ओतलीय.
मोडायच्या आधी पूल बोलतो.
गोंद करकरतो, नव्या वहाणेसारखा,
मग थोडा वेळ काहीच नाही.
त्या गप्प बसण्याला मी भितो.

अकरावा नंबर: तय्यबा पठाण, केरबा पांचाळ, पूर्णा.
पूल बुटका. रंग नाही, झेंडे नाहीत,
कडा मात्र कानशीनं घासलेल्या,
सुताराच्या घरातलं पोरगं लगेच ओळखू येतं.
दहा किलो. पंधरा. सरांचा खडू तुटला.
पोरगी बादलीकडे बघेना, जोडांकडेच बघत राहिली.
बाविसाला पूल वाकला,
डोक्यावर दळण घेतलेल्या बाईसारखा,
मान ताठ, कमरेत जरासा.
तेवढ्यात वीज गेली, पंखे थांबले,
म्हणून मला नीट ऐकू आलं.
डावीकडून दुसरा जोड, खालचा.
टक्.
मी मापटं आवरलं.
"कामून थांबलात, मामा? वता की."

वतलं.

बादली आदळली, वाळू माझ्या चपलेत,
काड्या पार दारापर्यंत.
सरांनी बादली वजनाला लावली,
सत्तावीस किलो, वर साडेतीनशे ग्रॅम.
तेराव्या नंबरानं एकतीस घेतले, सोळाव्यानं अठ्ठावीस.
तिसरे आले म्हणायचे.

संध्याकाळी प्रमाणपत्रं, फोटो, गार झालेले पोहे.
झाडू घेऊन मी आत आलो.
मोडके पूल माझे, तसा रिवाजच पडलाय.
बायको त्या काड्यांवर नावं लिहून
रोपांच्या पिशव्यांत खोचते. वांगं. मिरची. शेवगा.

तय्यबा फरशीवर बसलेली.
वर्तमानपत्रावर काड्या मांडत होती,
जशा होत्या तशा, आठवेल तशा.
केरबा टेबलाखाली शिरून एकेक आणून देत होता.
"गाडी चुकंल तुमची."
"आधी कोणता गेला ते कळंना, मामा.
सगळे एकदमच गेल्यावानी दिसतात."

मी झाडू बाजूला ठेवला, उकिडवा बसलो,
आणि बोट ठेवलं.
तिनं काडी उचलली, उजेडाकडं धरली.
एका बाजूला गोंद लाकडाचं साल घेऊन निघालेला,
दुसरी बाजू साफ, चिकटलीच नव्हती कधी.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग केरबा म्हणाला, "ही मी लावली होती.
त्या रात्री, लाईट नव्हती तवा."

ती त्याला काही बोलली नाही.
पेन्सिलीनं काडीवर दोन आकडा घातला,
कंपासपेटीत ठेवली.
"बाकीच्या?" मी विचारलं.
"घ्या तुमच्या मिरचीला."

ती दोघं पळत गेली फाटकाकडं.
मी चपला काढून झटकल्या.
मूठभर वाळू निघाली,
कोणाच्याच वजनात न धरलेली.