पाठशिवणी

त्याची पाठ मला पाठ आहे.
हिरवट जर्सी, तिच्यावर कुठल्याशा खाटकाच्या दुकानाचं नाव
धुऊन धुऊन अर्धं पुसलेलं,
डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली.
कधीतरी पडून कॉलरबोन मोडलं असणार.
(दिवसभर एक्स-रेच्या खोलीत मी दुसरं काय बघते?)

चेहरा मात्र पाहिलेला नाही.
पाहायचा तर पुढे जावं लागतं,
आणि पुढे गेल्यावर मागे वळायचं नसतं.
हा नियम कोणी केला नाही,
म्हणूनच तो मोडता येत नाही.

वेटेरनच्या पुलाखाली, सकाळी सहा पन्नासला
तो मला लागतो, किंवा मी त्याला.
शेजारी स्खेल्डे नदी: भरती असली तर काठोकाठ,
ओहोटी असली तर नुसता चिखल
आणि चिखलात पावलं मोजणारे बगळे.
काठाचा रस्ता सगळ्यांचा.
कुत्री, कुत्र्यांनी ओढलेली माणसं,
तिघं तिघं आडवी चालवणारी शाळेची पोरं.
घंटी वाजवायची ती एकदाच, हलकी,
चुकून हात लागल्यासारखी.

ओलांडताना तोंड मिटायचं.
धाप नाकातून सोडायची.
कानशिलं धडधडत असली तरी बगळ्यांकडे बघायचं,
जणू त्यांच्यासाठीच एवढ्या सकाळी उठलो.
गियर बदलायचा तो कुत्रं भुंकेल तेव्हा.
मेल्लेच्या पुलाची सावली अंगावरून गेली की झालं.
मग दोघंही पाय सैल सोडतो,
जिंकलेला आणि हरलेला, सारखेच बेफिकीर.

तीन वर्षं. हिशेब कोणी ठेवत नाही.
एकशे चौदा मी, एकशे एकोणतीस तो.
पश्चिमेचा वारा तोंडावर असतो ते दिवस धरलेले नाहीत.
त्या दिवशी मी निमूट त्याच्या चाकामागे लपते,
आणि तो लपू देतो,
वेग एका जागी धरून ठेवतो.
हे औदार्य की टोमणा, अजून ठरलेलं नाही.

माझी बहीण रोझेलीन म्हणते,
एवढं आहे तर एकदा 'गुड मॉर्निंग' तरी म्हण.
म्हटलं की संपलंच.
मग हवापाणी, मग गुडघे, मग सोबत.
सोबत कोणाला हवी आहे?

आणि मग हा रविवार.
बेकरीत रांग दारापर्यंत,
हातात नंबरची चिठ्ठी, त्र्याहत्तर.
केस विंचरलेले, डोक्यावर हेल्मेट नाही,
म्हणजे मी कोणीच नाही.
आणि पुढ्यात, करड्या कोटात,
डावा खांदा बोटभर खाली.
त्याचा नंबर बहात्तर.
अर्थात.

"ओडिलोन," बेकरीवाली म्हणाली, "नेहमीचंच ना?"
तर नाव होतं.
नको होतं मला ते.
नाव कळलं की माणूस हरवणं अवघड होऊन बसतं.
नेहमीचं म्हणजे करड्या पिठाचा पाव, अर्धा, कापून.
अर्धाच.
मीही तोच घेते.

आत ऊब होती, भट्टीचा गोड वास होता,
मी सवयीने श्वास सोडला, नाकातून, लांब.
त्याचा कान हलला.
तीन वर्षं ज्या श्वासापुढे तो पळाला
तो इथे, पावांच्या फळ्यांमध्ये, हातभर मागे.

वळला नाही.
सुटे पैसे न मोजताच खिशात टाकले,
काउंटरपासून दारापर्यंत गेला तो ताठ, सहज,
आणि गरजेपेक्षा किंचित जोरात.

"त्र्याहत्तर," बेकरीवाली म्हणाली.
"त्र्याहत्तर? बाई, तुम्हीच ना?"

मी काचेतून बाहेर बघत होते.
पायरीपाशी तो थांबला होता,
वाकून बुटाची नाडी बांधत,
पाठ माझ्याकडे.

बुटांना नाडी नव्हती.